मिठीचं पाणी

खाऱ्या पाण्याच्या मळ्यात चाललेलं माणूस लपत नाही. संध्याकाळी भिजवलेल्या मातीवर पाऊल पडलं की तेवढी जागा दबते, आणि सकाळी नेमकं तिथेच मीठ फुलून येतं. आधी राखेच्या रंगाचं, आणि ऊन वर चढलं की पांढरंफटक, टाचेबोटांसकट. केसरबाईच्या मळ्यात अशी पावलं रोज उमटत. तिची स्वतःची उमटत, मोट हाकणाऱ्या यादगिरीची उमटत, आणि आणखी एका बाईची उमटत, जी दोन वर्षांपूर्वी वारली होती.

ती कोणाची हे सांगायला जाणकार नको होता. उजवं पाऊल पुरतं, डावं नुसतं चवड्याचं आणि त्यामागे ओढल्याची रेघ. केसरबाईची सासू मालनबाई डावा पाय अशीच ओढत चालायची. पावलं घराच्या मागच्या दारातून निघत, वांग्यांच्या सऱ्यांमधून तिरपी जात आणि मळ्याच्या टोकाला घाणेरीची जाळी होती तिथे संपत. जाताना दिसत, येताना नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा केसरबाई उंबऱ्यात बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. यादगिरीला वाटलं, बाईला हीव भरलं. पण सवय कशाचीही होते. जिने तुम्हाला सऱ्या पाडायला शिकवलं, बाळंतपणात तुमचं डोकं मांडीवर घेतलं, तुमचा नवरा गेला तेव्हा स्वतःचा लेक गेल्याचं दुःख गिळून आधी तुम्हाला घास भरवला, तिला केवळ मेली म्हणून किती दिवस भ्यायचं? पुढे पुढे केसरबाई सकाळी उठून आधी पावलं पाहू लागली आणि ती दिसली की मगच चूल पेटवू लागली. भीती उरली ती एवढीच, की पावलं त्या जाळीकडे का जातात. जाळीत काय आहे ते तिला ठाऊक होतं.

मळा हैदराबादेत, मलकपेठच्या पुढे, सरूरनगरच्या वाटेवर. केसरबाईचं सासर मूळचं उदगीरकडचं. सासऱ्याने इथे येऊन जमीन धरली, भाजीपाला लावला आणि मलकपेठच्या बाजारात बसून विकला. सासरा गेला, नवरा गेला. एकुलता एक मुलगा एकनाथराव शिकून महसूल कचेरीत कारकून झाला आणि बायकोला घेऊन नारायणगुड्याला दोन खोल्यांत राहू लागला. मळ्यात सासू आणि सून अशा दोघीच उरल्या, आणि मग सून एकटी. म्हणजे लोकांच्या लेखी एकटी.

त्या साली, म्हणजे छप्पन साली, सरकारने ऐन दिवाळीत हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या केल्या. तेलंगण आंध्राला, मराठवाडा मुंबईला, कानडी मुलूख म्हैसूरला. घरात भावांची वाटणी होते तेव्हा निदान दोन भांडी आपटतात, कोणी तरी डोळ्याला पदर लावतं. इथे कागदावर रेघ मारली आणि मोकळे झाले. कचेऱ्यांमधली माणसंही वाटली गेली. एकनाथरावाच्या वाट्याला औरंगाबाद आलं.

निघायच्या आधी तो मळ्यात आला. बूट काढून हातात घेतले होते, कारण मिठाने कातडं खराब होतं.

"आई, आता इथे आपलं काय राहिलं?" तो म्हणाला. "कचेरी गेली. आपली माणसं चालली. तू एकटी इथे काय करणार?"

"मळा आहे की."

"ह्याला मळा म्हणतेस? मिठागर आहे हे. दरसाल अर्धं रान जळतंय."

केसरबाईला खरं कारण सांगता येईना. तुझी आजी अजून इथे चालते, तिला टाकून मी कशी येऊ, असं कचेरीतल्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने आपलं सोपं कारण पुढे केलं.

"वांगी लावलीत. उभं पीक टाकून कोणी उठतं का?"

एकनाथराव कारकून होता. अट घातल्याशिवाय त्याला मान्यता देता येत नसे. "बरं," तो म्हणाला, "भोगीला मी येतो. भोगीच्या भाजीला ह्या मळ्यातली वांगी निघाली तर तू राहा, मी पुन्हा शब्द काढणार नाही. जळाली तर मुकाट्याने माझ्याबरोबर गाडीत बसायचं."

"हौ, बसते," केसरबाई म्हणाली. पीक जळालं तर मळा सुटणार होता, आणि मळा सुटला तर मालनबाई सुटणार होती. इथून पुढे प्रत्येक वांग्याच्या रोपात तिचा जीव अडकला.

खाऱ्या पाण्यावर भाजी काढणं म्हणजे खाष्ट माणसाबरोबर संसार करणं. भांडून उपयोग नाही, त्याच्या सवयी ओळखून वागावं लागतं. मालनबाईने त्या ओळखल्या होत्या. मीठ पाण्याबरोबर वर चढतं आणि वरंब्याच्या माथ्यावर जाऊन बसतं, म्हणून रोप माथ्यावर लावायचं नाही, खांद्यावर लावायचं, पाण्याच्या रेषेला लागून. रोपं वाढवताना आधी मलकपेठच्या नळाचं पाणी द्यायचं, मग त्यात थोडं थोडं खारं मिसळत जायचं, म्हणजे रानात गेल्यावर त्यांना धक्का बसत नाही. पाणी पानावर उडू द्यायचं नाही, पान करपतं. माती सुकू द्यायची नाही, सुकली की मीठ जोर करतं. सऱ्यांमध्ये भाताचा पेंढा अंथरायचा. कुजलेलं शेणखत भरपूर, पण राख चिमूटभरही नाही. आणि माथ्यावर मिठाची साय धरली की ती खुरप्याने खरवडून टोपलीत भरायची आणि मळ्याबाहेर नेऊन टाकायची. एवढं करून घेवडा तग धरत नसे, तो नाजूक जातीचा. पालक, चुका, वांगी मात्र केसरबाईच्या हाताला यश देत.

हे सगळं ती त्या सालीही करत होती. एक गोष्ट सोडून. घराच्या मागच्या दारापासून जाळीपर्यंतचा जो तिरपा पट्टा होता, तिथलं मीठ ती खरवडत नसे. खरवडलं असतं तर पावलं गेली असती.

यादगिरी नलगोंड्याकडचा, बोलायला तेलुगु आणि दखनीची मिसळ. तो रोज कुरकुरे. "अम्मा, ये पट्टी कायकू छोड रे? यहां का नमक बाजू की मिट्टी में जारा. पूरा खेत खराब होता."

"राहू दे," केसरबाई म्हणे.

"राहू दे बोले तो बैंगन नै रहते."

तो बरोबर बोलत होता, आणि ते तिला कळत होतं. पट्ट्याच्या दोन्ही अंगांची वांगी सगळ्यात आधी पिवळी पडली. पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या. पाऊस त्या साली बेताचाच झालेला, विहिरीचं पाणी खाली गेलं तसं आणखी खारट झालं. सकाळी मोटेचं पहिलं पाणी ती जिभेवर घेई आणि थुंकून टाकी. भोगी जवळ येत होती. ती पट्ट्यापाशी खुरपं घेऊन बसे, पांढऱ्या पावलांकडे बघे, आणि खुरपं तसंच कमरेला खोचून उठे.

आता जाळीतलं सांगायला हवं.

जाळीत एक बारव होती. पायऱ्यांची, दगडी, जुनी. मालनबाईच्या नवऱ्याने मळा धरला तेव्हा जुन्या राखणदाराने दोन्ही विहिरी लांबून दाखवल्या होत्या आणि त्यांची नावं सांगितली होती. घराजवळची ती खारी, आणि टोकाची ती मीठी बावडी. मालनबाई गावाकडून थेट आलेली. तिला दखनीचं अक्षर कळत नव्हतं. तिने ऐकलं ते आपल्या मराठी कानाने ऐकलं: मिठी.

तिची धाकटी लेक गंगू तेव्हा लग्नाची होती. केसरबाई नवी सून, गंगूच्याच वयाची. घराजवळच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नसे. एक दिवस दुपार झाली तरी डाळ टणटणीत, आणि गंगू चुलीपाशी बसून आईला ऐकवत होती की असल्या पाण्याच्या मुलखात आणून टाकलंत, ह्यापेक्षा गाव बरा होता. मालनबाईचं डोकं फिरलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "एवढं गोड पाणी पायजे तर जा, विहिरीत जाऊन मर," ती म्हणाली. असं बोलणं त्या काळी घरोघरी चालायचं, कोणी मनावर घेत नसे. गंगूही हसली आणि उठून गेली. केसरबाईने तिला हसताना पाहिलं होतं.

दिवस कलता तिला जाळीतल्या बारवेतून काढली. वरून गळ टाकून काढली. खाली उतरायला कोणी धजेना. मालनबाई काठावर उभी होती. रडली नाही. जमलेल्या माणसांना तिने एवढंच विचारलं, "हिचं नाव काय म्हणाला होता तो राखणदार?"

"मीठी," कोणी तरी म्हणालं.

"मिठी," मालनबाई म्हणाली. "मिठी मारली हिने माझ्या पोरीला."

बस्स, तेव्हापासून ती मिठी मारणारी बारव झाली. मालनबाईने तिच्यावर शहाबादी फरशा टाकून घेतल्या, भोवती घाणेरी वाढू दिली. घरात फर्मान निघालं की तिचं नाव घ्यायचं नाही, नाव घेतलं की ती हाक समजते. बोलायची वेळ आलीच तर 'पलीकडची' म्हणायचं. एकनाथराव त्याच घरात लहानाचा मोठा झाला, पण त्यालाही पलीकडची एवढंच माहीत. आणखी एक बदल झाला, तो फक्त केसरबाईने हेरला. त्या दिवसानंतर मालनबाईच्या तोंडून कोणालाही, अगदी अडेल बैलालासुद्धा, 'मर' हा शब्द कधी निघाला नाही.

मार्गशीर्ष लागला होता. एकनाथराव औरंगाबादेत घर शोधत होता आणि त्याची बायको सत्यवती नारायणगुड्याला सामान बांधत होती. एका रविवारी ती सासूला भेटायला मळ्यात आली. मुलगी हैदराबादेतच जन्मलेली, मराठी बोलताना मधेच दखनीवर घसरायची, पण मनाने मोकळी. करपलेली वांगी पाहून तिला वाईट वाटलं. सासूने इथेच राहावं असं तिला वाटत नव्हतं, पण सासू हरावी असंही वाटत नव्हतं.

"आई, दुसरं पाणी नाही का कुठे?" तिने विचारलं. "आजूबाजूला एखादी बावडी?"

केसरबाई पेंढा पसरत होती. तिचा हात थांबला. "आहे," ती म्हणाली. "पलीकडची."

"मग?"

"तिचं पाणी घेत नाहीत. नावसुद्धा घेत नाहीत."

"असं काय नाव आहे?"

उन्हं उतरली होती. जाळीच्या बाजूने गार वारं सुटलं. केसरबाईने इकडे तिकडे पाहिलं, सुनेला जवळ ओढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते नाव हलक्या आवाजात उच्चारलं. मग गंगूचं सगळं सांगितलं, डाळीसकट.

सत्यवती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली.

"मीठी बावडी?" ती म्हणाली. "मग पाणी गोड असणार ना, आई."

"गोड कसलं? मिठी. मिठी मारते ती."

"नाही हो. तुम्ही बाजारात बसता तेव्हा काय ओरडता? 'मीठे गाजरां लेव अम्मा, मीठे गाजरां.' तेच हे मीठी. खारीची उलटी. एक खारी, एक मीठी. त्या बुढ्ढ्याने साफ सांगितलं होतं की."

केसरबाई वरंब्यावरच बसली. ह्या एका नावाने आख्ख्या घराला तीसेक वर्षं धाक घातला होता, आणि ज्या तोंडाने ती बाजारात रोज तो शब्द ओरडत होती त्याच तोंडाला त्याचा अर्थ सुचला नव्हता. पण यात नवल कसलं? जे नाव उच्चारायचंच नाही, त्याचा अर्थ कोण तपासणार?

मग दुसरा विचार आला. मालनबाई तिच्याही आधीपासून बाजारात बसत होती. गाजरं तीही विकत होती. तिला कळलं नसेल? पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी तरी? कळलं असणार. आणि कळल्यावर तिने तोंड मिटून घेतलं असणार. कारण बारव मिठी मारत नसेल, तर गंगूला नेलं कशाने? मग एकच गोष्ट उरत होती, आणि ती त्या दुपारी चुलीपाशी मालनबाईच्याच तोंडून निघाली होती. गोड पाणी पायजे तर विहिरीत जाऊन मर. आपल्या शब्दाने लेक मेली, ह्यापेक्षा विहिरीने मिठी मारली हे सोसायला बरं होतं. त्या चुकीच्या शब्दाच्या आडोशाला ती बाई जन्मभर बसून राहिली, आणि मेल्यावर रोज पाय ओढत तिथवर जात होती.

"उघडू या ना, आई," सत्यवती म्हणाली. "वांगी वाचतील."

वांगी वाचतील हे खरं. पण उघडल्यावर आणखी काय वर येईल, याची केसरबाईला धास्ती होती. सून गेल्यावर ती तिन्हीसांजेला मागच्या दारात उभी राहिली. पट्ट्यावर कोणी नव्हतं. कधीच कोणी नसायचं, पावलंच असायची.

"आत्याबाई," ती अंधुक रानाकडे बघत म्हणाली, "उघडू का?"

सकाळी पावलं नेहमीसारखीच होती. दारातून निघून जाळीपर्यंत. पण केसरबाईने त्या दिवशी ती वेगळी वाचली. रोज रोज बंद दारापाशी जाऊन उभं राहणारं माणूस दार उघडा असंच म्हणत असतं, दुसरं काय म्हणणार?

तिने यादगिरीला कोयता आणि पहार घ्यायला सांगितलं. तो खूश झाला आणि आणखी दोन गडी घेऊन आला. घाणेरी तोडायलाच दुपार झाली. फरशांच्या फटींत मुळं शिरली होती. पहारीने पहिली फरशी उचलली तेव्हा आतून थंड, कोंडलेला वास आला आणि गडी मागे सरकले. यादगिरीने कोणत्याशा अम्मवारू देवीचं नाव घेतलं आणि पायऱ्या उतरला. तो दिसेनासा झाला. केसरबाई काठावर उभी होती, सासू उभी होती तिथेच.

खालून आवाज आला, "तिय्यगुन्नै, अम्मा! शक्कर है शक्कर, मीठा पानी!"

आणि मग वेगळ्या आवाजात, "अम्मा, इधर एक घागर है."

केसरबाईने पदर खोचला. आयुष्यात ज्या बारवेकडे तिने नीट पाहिलं नव्हतं तिच्या पायऱ्या ती भिंतीला धरत उतरली. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. पाण्यापासून हातभर वर, भिंतीत एक देवळी होती, वरून न दिसणारी. तिच्यात पितळेची घागर नीट टेकवून ठेवली होती. हिरवी पडलेली. तिच्या तोंडावर लोटा पालथा घातलेला.

केसरबाईने लोटा उचलला. आत पाणी होतं. थोडं आटलेलं, पण नितळ.

ती तिथेच पायरीवर टेकली. यादगिरी काहीबाही विचारत होता, तिला ऐकू येत नव्हतं. जीव द्यायला आलेली पोर घागर भरत नाही. भरलीच तर देवळीत टेकवत नाही. आणि पाण्यात पाला पडू नये म्हणून तिच्यावर लोटा तर मुळीच पालथा घालत नाही. गंगूला मीठी शब्द कळला होता. शेजारपाजारच्या बायकांत बसून ती पोर आईच्या आधी दखनी शिकली होती. आई रागावली, तशी ती हसत उठली आणि डाळीसाठी गोड पाणी आणायला इथे आली. एक घागर भरून ठेवली, दुसरं भांडं भरायला वाकली असेल, आणि शेवाळावरून पाय गेला. एवढंच घडलं होतं. आणि हे एवढंच कोणी मालनबाईला सांगितलं असतं, तर ती बाई सुखाने मेली असती. केसरबाईला सासूची फार दया आली.

घागर तिने कोणाला उचलू दिली नाही. स्वतः कडेवर घेऊन वर आणली आणि मागच्या दाराशी ठेवली. दिवेलागणीला ती दारात उभी राहिली.

"आत्याबाई, ऐका," ती म्हणाली. "गंगू पाणी भरायला गेली होती. ही तिची घागर. डाळीसाठी भरलेलं पाणी आहे हे. ती पाय घसरून गेली. तुमच्या बोलण्याने नाही गेली."

खालच्या सऱ्यांमधलं पाणी जिरत असल्याचा तेवढा आवाज येत होता.

सकाळी ती उठली तेव्हा उजाडत होतं. पट्ट्यावर पावलं होती, पण रोजची नव्हती. त्यांची बोटं घराकडे होती. जाळीपासून दारापर्यंत, एक पुरतं, एक चवड्याचं, मागे रेघ. आणि त्यांच्या शेजारी, अगदी खेटून, दुसरी दोन पावलं चालत आली होती. लहान, हलकी, कुठेच न ओढलेली. दारापाशी घागर होती तिथे दोन्ही थांबली होती.

केसरबाई ओरडली नाही. दारात बसून ती पावलं ऊन वर येईपर्यंत पाहत राहिली. तिला भीती वाटली नाही, आणि आनंदही नीट होईना, कारण आता काय होणार ते तिला समजत होतं.

यादगिरीने मोट बारवेवर नेऊन बसवली. बैलांची जुनी धाव जाळीत बुजली होती, ती साफ केली, पाट ओढला. गोड पाणी नुसतं घातलं की झालं, असं नसतं. आधी साचलेलं मीठ खाली ढकलावं लागतं. रान तुडुंब भरायचं, पाणी मुरू द्यायचं, पुन्हा भरायचं, आणि कडेच्या चरातून मचूळ पाणी बाहेर काढायचं. केसरबाईने एकेक सरी तशी धुऊन घेतली. तिरप्या पट्ट्याला मात्र तिने पाण्याचा थेंब लागू दिला नाही. पावलं तिथे तशीच होती, आलेली, जोडीने.

शेवटी तेवढाच पट्टा राहिला. यादगिरी फावडं घेऊन पाटाच्या तोंडाशी उभा होता.

"अम्मा, ये बी भिगाना पडता. नै तो यहां का नमक फिर फैलता."

केसरबाईला ते माहीत होतं. पट्टा कोरडा ठेवला तर वांगी पुन्हा करपणार, भोगीला काही निघणार नाही, तिला उठावं लागणार. भिजवला तर मीठ जाणार, आणि मीठ गेलं की ह्या मातीवर पुन्हा कोणाचं पाऊल उमटणार नाही. जिच्यासाठी मळा राखायचा, तिला धुऊन टाकल्याशिवाय मळा राहत नव्हता. तिने पावलांकडे पाहिलं. दोघी घराकडे आल्या होत्या. पोरीला घेऊन आलेल्या आईला आता मी माझ्या सोबतीसाठी मिठात थांबवून धरू का, असं तिच्या मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"सोड," ती म्हणाली.

यादगिरीने बांध फोडला. पाणी पेंढ्याखालून, ढेकळांमधून पुढे सरकलं. आधी लहान पावलं गेली, मग मोठी. केसरबाई पाणी पलीकडच्या बांधाला टेकेपर्यंत उभी होती.

दुसऱ्या दिवशी माती काळी, ओली आणि कोरी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ती रोज उठून पाहत होती आणि रोज फक्त तिची आणि यादगिरीची पावलं दिसत होती, ती सुद्धा ऊन वर आल्यावर पुसट होऊन जात. वांग्यांनी मात्र अंग धरलं. जुनी पानं गळली, नवी आली, जांभळी फुलं धरली. यादगिरी बाजारात सांगत सुटला की आमच्या मळ्याला गोड पाणी लागलंय. केसरबाई सासूशी बोलायची ते बंद झालं. दारात उभं राहून तिने एकदोनदा हाक मारून पाहिली, पण रिकाम्या घरात मारल्यासारखी ती परत आली.

भोगीला एकनाथराव आला, सत्यवतीला घेऊन. टांगा रस्त्यावर उभा करून दोघं बांधावरून आले. मळा बघून एकनाथराव थबकला. कोवळी, काळीभोर, काटेरी देठाची वांगी रोपारोपावर लटकत होती. औरंगाबादेहून येताना आईला समजावायला त्याने जे जे मुद्दे काढले होते, ते सगळे वाया गेले.

"जिंकलीस, आई," तो म्हणाला. शब्दाला जागणारा होता. "राहा इथे. मी पुन्हा बोलणार नाही."

केसरबाईने टोपली भरली होती. ती तिने सुनेच्या हातात दिली.

"भाजी करू, जेवू, आणि मग निघू," ती म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर. रान यादगिरी बघेल, त्याला सगळं येतं."

एकनाथरावाला काही उमजेना. "अगं, पण पीक उभं आहे की. पाणी लागलं, रान सुधारलं. आता कशाला निघतेस?"

"तुझ्या आजीला एकटीला टाकून कशी येऊ, म्हणून राहत होते," केसरबाई म्हणाली. "ती लेकीला घेऊन गेली. आता इथे मीच एकटी आहे, एकनाथ."

तो बायकोकडे पाहू लागला. सत्यवतीने मान खाली घातली. केसरबाईला पुढे बोलायचं होतं, पण शब्दाऐवजी हुंदका आला. मालनबाई गेली त्या दिवशी सगळ्यांना घास भरवत ती कोरडी राहिली होती, आणि नंतरही रडू आलं नाही, कारण सकाळी उठून पाहिलं तर पावलं होतीच. सासू खरी गेली ती आत्ता, ह्या हिरव्यागार रानातून. केसरबाई ओल्या वरंब्यावर बसली आणि तिने मोठ्याने रडायला सुरुवात केली. यादगिरीने बैल थांबवले. सत्यवती टोपली बाजूला ठेवून तिच्याजवळ चिखलातच बसली, आणि एकनाथराव टांगेवाल्याला जरा थांब म्हणून सांगायला गेला.